हप्तेवाले साहेब वारीत

नाथांची पालखी ज्येष्ठ वद्यात पैठणहून निघते, तेव्हा आमच्या गेवराईकडं एक तर सरकी लावून झालेली असते, नाही तर पावसाची वाट बघत बसायचं असतं. दोन्ही बाबतीत माणूस मोकळाच. मी मोकळा होतो तो वेगळ्या कारणानं. फायनान्स कंपनीतली वसुलीची नोकरी सोडून घरी आलो होतो आणि घरात बसवत नव्हतं. बायको काही बोलायची नाही, पण सासरे एक दिवसाआड फोन करून "मंग पुढं काय?" विचारायचे. तात्यांच्या, म्हणजे चुलत्यांच्या दिंडीत नाव घातलं, जेवणाची भिशी भरली आणि पिशवी ट्रकमध्ये टाकली. भक्तीचं म्हणाल तर फार नव्हती. पंढरपूर येईपर्यंत कुणी 'पुढं काय' विचारणार नाही, एवढाच हिशोब होता.

तो पहिल्याच मुक्कामाला फसला. पंगतीत शेजारी बसलेला माणूस मीठ वाढून होईपर्यंत तुमचं गाव, जमीन, पोरं आणि धंदा विचारून घेतो. "सध्या काही नाही" म्हटलं की पुढचे दोघं वळून बघतात. तात्यांनी तिथल्या तिथं सोडवलं, "हा पाण्याला आहे." तात्या दिंडीचे विणेकरी, त्यांच्या शब्दापुढं कुणी जात नाही. तेव्हापासून मी पाण्याला. टँकर आला की पाइप धरायचा, पिंपं भरायची, स्वयंपाकाच्या बायांना हंडे पोचवायचे आणि पहाटे काकडा सुरू व्हायच्या आत आंघोळीचं पाणी बघायचं. टँकर दिंडीच्या नशिबानं येतो. अर्ध्या रात्री आला तर अर्ध्या रात्री उठायचं.

माझी आधीची नोकरी थोडक्यात सांगतो. गावोगावच्या बायांचे गट करायचे, विनातारण कर्ज द्यायचं आणि दर आठवड्याला हप्ता गोळा करायचा. एकीचा थकला तर बाकीच्यांनी मिळून भरायचा. तेही जमलं नाही तर ओसरीवर बसून राहायचं. बसून राहणं, हीच खरी नोकरी. आमच्या बीड जिल्ह्यात तर दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन कोयत्यावर जातं, साखर कारखान्याच्या फडात ऊस तोडायला. मागं म्हातारी आणि शाळेतली पोरं. पण हप्ता काही कोयत्यावर जात नाही. मग म्हातारीसमोर बसायचं. ती चहा करायची, साखर शेजारून आणायची आणि मी तो प्यायचो, कारण नाही म्हटलं तर तिला आणखी वाईट वाटायचं. थकलेल्या हप्त्यासाठी सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर फोन करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा 2022 पासूनचा नियम आहे. तो नियम कर्जदारासाठी. आम्हाला मात्र रात्री अकरालाही ग्रुपवर 'आजची वसुली?' असा मेसेज यायचा आणि आकडा टाकल्याशिवाय झोप नसायची.

एका मुक्कामी कीर्तनात नाथांच्या पैची गोष्ट निघाली. ती सगळ्यांना पाठ. देवगिरीवर जनार्दनस्वामींकडं असताना हिशोबात एक पै जुळेना, नाथ रात्रभर बसले, पहाटे चूक सापडली आणि त्यांनी आनंदानं टाळी वाजवली. एका पैसाठी एवढं मन लागतं तर देवाला लाव, असं स्वामी म्हणाले. महाराजांनी तिथं छान रंग भरला, मंडपात "भानुदास एकनाथ" दुमदुमलं. मी मात्र अडकलो जनार्दनस्वामींवर. ते देवगिरीचे किल्लेदार. म्हणजे सरकारी चाकरी, तीही परक्या सत्तेची, आणि ती त्यांनी सोडली नाही. तेरचे गोरोबाकाका मडकी घडवत राहिले. अरणचे सावता माळी मळा सोडून वारीलाही गेले नाहीत म्हणतात, देवच त्यांच्याकडं आला. या परंपरेत काम सोडून आलेला मीच एकटा की काय?

हे मी तात्यांना चालता चालता बोललो. ते म्हणाले, "गोरोबाकाकानं मडक्याचे हप्ते लावले नव्हते." आणि पुढचा अभंग धरला.

रायमोह मागं पडलं आणि माझा जुना पट्टा सुरू झाला. इथली प्रत्येक वाडी मला मोटरसायकलवरून पाठ. कुठं कुत्रं मागं लागतं, कुठल्या घरी नेहमी कुलूप असतं, सगळं. गावातल्या बाया रस्त्याच्या कडेला पिठलं-भाकरी घेऊन उभ्या होत्या. मी टोपी जरा पुढं ओढली. पण एकीनं भाकरी माझ्या हातावर ठेवता ठेवता हात थांबवला.

"अगं बया, हप्तेवाले साहेब!"

आजूबाजूच्या चार-पाच जणी वळल्या. भाकरी अर्धी तिच्या हातात, अर्धी माझ्या.

"आज तर सोमवार नाही," दुसरी म्हणाली आणि सगळ्या खळाळून हसल्या.

"सोडली मावशी, नोकरी."

"बरं केलं. पण आता दुसरं पोरगं येतंय. तुमी निदान चहा तरी घ्यायचे. ते उंबऱ्यावर बसतंय अन् मोबाइल बघतंय."

मी सोडली म्हणून काही थांबलं नव्हतं, हे मला माहीत होतं. ते तिच्या तोंडून ऐकायला नको होतं, एवढंच. तेवढ्यात ती घरात गेली आणि हळदीचे डाग पडलेली हप्त्यांची तीन कार्डं घेऊन आली. तीन कंपन्यांची. एकीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज काढलेलं. "उचल मिळाल्यावर एकदम भरून टाकू म्हणलं, तर ते पोरगं म्हणतंय दंड लागंल. खरं का?"

खोटं. या कर्जांना मुदतीआधी फेडीचा दंड लावता येत नाही, हेही त्याच 2022 च्या नियमात आहे. मी तिथंच दगडावर बसून कार्डांवरच्या तारखा बघितल्या, कुठलं आधी मिटवायचं ते सांगितलं आणि कुणाला काय विचारायचं ते तिच्या पोराच्या वहीत लिहून दिलं. मग दुसरी आपलं कार्ड घेऊन आली, मग तिसरी. दिंडी पुढं निघून गेली. पारगाव घुमऱ्याचं रिंगणही माझं हुकलं, घोडा धावून गेल्यावर मी पोचलो. तात्या त्या रात्री पिंपं रिकामी बघून जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पाटोद्याच्या पुढचं फार सांगण्यासारखं नाही. खर्ड्याला कुणीतरी 1795 ची लढाई, निजाम कसा हरला ते रंगवून सांगत होतं. माझं सगळं लक्ष टाचेच्या फोडात होतं. एका म्हाताऱ्या वारकऱ्यानं सुईनं त्यातून दोरा ओवून तसाच ठेवला, पाणी निघून गेलं आणि परंड्यापर्यंत पाय चालू झाला.

आता गेवराईत मावसभावाच्या कृषी सेवा केंद्रात हिशोब बघतो. पगार आधीच्या निम्म्याच्या आसपास. उधारी इथंही आहे, बियाणं-खत घेऊन कापूस विकल्यावर पैसे देणारी. तिची वही माझ्याकडंच असते. पण इथं मला कुणाच्या ओसरीवर जाऊन बसावं लागत नाही, ज्याला द्यायचे तो येतो, नाही आला तर पुढच्या बाजारी भेटतो. दुपारी गिऱ्हाईक कमी असलं की बाया कार्डं घेऊन येतात, त्यांचं फुकट बघून देतो. मावसभाऊ कुरकुरतो, पण त्या बायांची घरं बियाणं आमच्याकडूनच नेतात, म्हणून गप्प बसतो. सासऱ्यांचा फोन आठवड्यावर आलाय.

माझ्या मोटरसायकलचे हप्ते मात्र अजून चालू आहेत. थकला की एका पोराचा फोन येतो. गाडीच्या कर्जाला फोनची वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सात. आठच्या आधी वाजला तर मी उचलत नाही.