परीक्षक बाप

संध्याकाळी गोल्फ क्लब मैदानावर बाळाला कडेवर घेऊन गेलं की ओळखदेख नसलेली माणसंही विचारतात, "कितवा महिना? रांगतो का?" शेजारच्या काकूंचा नातू म्हणे दहाव्यातच चालायला लागला. आमचे चिरंजीव अकरा महिन्यांचे झाले, तरी ढुंगणावर सरकत सरकत स्वयंपाकघर गाठतात. वेग मात्र चांगला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली भारतासह पाच देशांतल्या मुलांचे आकडे दिलेत. आधाराशिवाय चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत कधीही. शंभरातली चारेक मुलं तर रांगतच नाहीत. हे काकूंना ऐकवलं. "हो का? पण आमचा दहाव्यातच चालला हो!"

त्यात हा दीड महिना आधी जन्मलेला. अशा बाळांचं वय दोन वर्षांपर्यंत डॉक्टर प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून धरतात, म्हणजे याचे जेमतेम साडेनऊच महिने. नातेवाइकांना हा हिशोब म्हणजे माझी पळवाट वाटते. पिंपळगावच्या मामांना तेवढा तो लगेच पटला. त्यांची द्राक्षबाग आहे. "ऑक्टोबर छाटणी ज्या दिवशी केली तिथून दिवस मोजायचे. शेजाऱ्याने आधी छाटली तर त्याचा माल आधी निघणारच की!"

बाकी परीक्षक म्हणून मी अगदीच पक्षपाती. कुकरची शिट्टी झाली की तो "बाबाबा" करतो, आणि मी ते स्वतःच्या नावावर जमा करतो. याउलट जिथे सावध व्हायला हवं तिथे आम्ही सगळे खूश असतो. तो डाव्या हातानेच खुळखुळा ओढतोय असं वाटल्यावर आजीने "डावखुरा होणार!" म्हणून जाहीर करून टाकलं. डॉक्टरबाईंनी मात्र लगेच दोन्ही बाजूंना खेळणी धरून पाहिलं. वर्षाच्या आत मूल एकच हात वापरत असेल तर दुसरा तपासावा लागतो, म्हणाल्या. उजवाही चालतो, काळजी नको. मग त्यांनी बजावलं: चार दिवस उशिरा शिकला तर चालेल, पण शिकलेलं विसरायला लागला, बडबड बंद झाली, तर वाट न बघता घेऊन या.

शेवटी त्यांनी त्याला नावाने हाक मारली. साहेब छताच्या पंख्याकडे बघत बसले.

"घरी लगेच वळून बघतो हो!" मी म्हणालो.

"सगळेच म्हणतात," म्हणत त्यांनी पंखा बंद केला आणि पुन्हा हाक मारली.