नाव टाकून ठेवण्याआधी

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात एक वाक्य वरचेवर ऐकू येते : ‘आधी नाव तर टाकून ठेवा, विचार काय नंतरही करता येईल.’ मूल दत्तक घेण्याचा विचार चालू आहे, असे आम्ही जवळच्या चार माणसांना सांगितले आणि त्यांपैकी तिघांनी हाच सल्ला दिला. त्या तिघांतले एक गृहस्थ स्वतः दत्तक पालक आहेत, त्यामुळे तो हसण्यावारी नेता येत नाही. रांग मोठी आहे हे खरेच. केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे ज्याला सगळे ‘कारा’ म्हणतात त्या यंत्रणेच्या आकडेवारीनुसार २०२४-२५ या वर्षात देशात आणि परदेशात मिळून ४,५१५ मुले दत्तक गेली, आणि हा बारा वर्षांतला उच्चांक होता. नोंदणी करून थांबलेले पालक मात्र तीस हजारांच्या वर आहेत. निरोगी तान्हे बाळ हवे असेल तर तीन वर्षे, कधी त्याहूनही अधिक वाट पाहावी लागते. तरीही आम्ही अजून नाव नोंदवलेले नाही.

माझा नवरा या बाबतीत हिशेबाच्या बाजूचा आहे. नियमाप्रमाणे दोन वर्षांपर्यंतचे मूल हवे असेल तर पती-पत्नीच्या वयांची बेरीज ८५ च्या पुढे जाता कामा नये. दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ही मर्यादा ९० आहे, चार ते आठसाठी १०० आणि त्यापुढे अठरापर्यंत ११०. मी एकोणचाळीस वर्षांची, तो त्रेचाळीसचा, म्हणजे आमची बेरीज ८२. ही बेरीज दरवर्षी दोनाने वाढते, हे त्याने मला पहिल्यांदा दाखवले तेव्हा मी चक्क हसले होते. आता हसू येत नाही, कारण विचार करायला एक वर्ष घेतले की हिशेबातली दोन वर्षे खर्ची पडतात. त्याने ८२ हा आकडा कागदावर लिहून फ्रिजवर लावला आहे. तो मला घाई करत नाही, पण दूध काढताना रोज तो आकडा दिसतो.

मला अडवले ते नोंदणीच्या अर्जाने. पावसाळ्यात आम्ही पुण्यातल्या एका दत्तक संस्थेच्या मार्गदर्शन बैठकीला गेलो होतो. तिथल्या समाजसेविका ताईंनी सांगितले की, कागदपत्रे जमवण्याआधी अर्जातले पर्याय दोघांनी वेगवेगळे भरून पाहा आणि मग एकमेकांना दाखवा. विवाहाचा दाखला, उत्पन्नाचा पुरावा, वैद्यकीय प्रमाणपत्र, ओळखीच्या माणसांची पत्रे हे सगळे आठवड्याभरात गोळा होते, पर्याय भरायला मात्र वेळ लागतो, असे त्या म्हणाल्या होत्या. आम्ही एका रविवारी दुपारी दोन वेगळ्या खोल्यांत बसलो. मुलगा की मुलगी, या प्रश्नाला दोघांनीही ‘चालेल’ असे उत्तर दिले आणि आपण फार उदार आहोत अशी माझी समजूत झाली. वयोगटाशी ती गेली. मी शून्य ते दोन लिहिले होते, त्याने चार ते सहा. आणि मुलाच्या आरोग्याविषयीच्या प्रश्नापाशी दोघांचीही पाटी कोरी होती.

त्या कोऱ्या जागेविषयी मी तेव्हापासून विचार करते आहे. निरोगी तान्ह्या बाळासाठी पालकांची रांग आहे. ज्या मुलांना विशेष गरजा आहेत किंवा जी मोठी झाली आहेत, ती मुले मात्र पालकांची वाट पाहत असतात आणि त्यांतली बरीच परदेशी कुटुंबांत जातात. ‘विशेष गरजा’ या दोन शब्दांत काय काय मावते हे मला बैठकीपर्यंत माहीत नव्हते. शस्त्रक्रियेने बऱ्यापैकी सुधारणारा दुभंगलेला ओठही त्यात येतो आणि जन्मभर दुसऱ्याच्या आधाराने जगावे लागेल अशी अवस्थाही येते. पोटी जन्मणाऱ्या मुलाच्या बाबतीत असा प्रश्न कोणी आईला विचारत नाही. जे येईल ते तिचे असते. इथे मात्र अर्जच विचारतो, आणि पुढे केलेली प्रत्येक खूण कुठल्या तरी मुलाला नको म्हटल्यासारखी वाटते. ताईंचे म्हणणे याच्या नेमके उलट होते. पेलणार नाही ते आधी नको म्हणा, मूल घरी आणून महिन्याने नको म्हणू नका, कारण असे घडते आणि परत आलेल्या मुलाला पुन्हा कोणावर विश्वास टाकायला शिकवणे सर्वांत अवघड असते, असे त्या शांतपणे सांगत होत्या. ‘नाव टाकून ठेवा’ हा सल्ला मला तिथेच अपुरा वाटू लागला. म्हाडाच्या सोडतीत नाव निघाल्यावर घर नाकारले तर घराला काही वाटत नाही.

इतकी मुले अनाथालयांत असताना रांग का, हा प्रश्न मीही विचारला होता. संस्थेत राहणारी सगळीच मुले दत्तक देता येण्याजोगी नसतात. अनेकांचे आईवडील किंवा आजी-आजोबा हयात असतात आणि गरिबीपायी मूल तिथे ठेवलेले असते. सोडून दिलेले मूल सापडले तर आधी नातेवाइकांचा शोध घ्यावा लागतो आणि मगच बाल कल्याण समिती ते मूल दत्तकासाठी कायद्याने मुक्त असल्याचे जाहीर करते; दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी या कामाला दोन महिन्यांची मुदत आहे आणि मोठ्या मुलासाठी चार. आईने स्वतः मूल स्वाधीन केले असेल तर तिला फेरविचारासाठी साठ दिवस मिळतात. रांगेत उभे राहून पाहिले तर हे दिवस लांबलेले वाटतात. मला ते साठ दिवस कमीच वाटले.

या साठ दिवसांमुळे माझा रजेचा हिशेबही बिघडला. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने दत्तक आईला बारा आठवड्यांची रजा दिली, पण मूल तीन महिन्यांहून लहान असेल तरच, अशी अट तेव्हा घातली होती. दोन महिने मुक्ततेच्या प्रक्रियेत, त्यानंतर वैद्यकीय अहवाल, पालकांशी जुळवणी आणि दत्तक समितीची भेट. इतके सगळे उरकून तीन महिन्यांच्या आतले बाळ घरी येणार कसे, हे दुरुस्ती लिहिणाऱ्यांनी बोटांवर मोजून पाहिले असते तरी कळले असते. आणि माझ्या नवऱ्याच्या मनात आहे तसे पाच वर्षांचे मूल आले तर त्याला आईची अधिक गरज लागेल, कमी नव्हे. मी कार्यालयात विचारणा केली तेव्हा ‘आधी मूल मिळू द्या, मग बघू’ असे उत्तर मिळाले. नाव टाकून ठेवण्याचाच हा आणखी एक प्रकार.

एका नातलगांनी वेगळी वाट सुचवली. ‘ओळखीचे एक इस्पितळ आहे, कशाला रांगेत उभे राहता?’ ते चांगल्या मनाने बोलले, पण अनाथ, सोडलेले किंवा स्वाधीन केलेले मूल प्रक्रियेबाहेर घेणे हा बाल न्याय कायद्याच्या कलम ८० प्रमाणे गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे त्यांना माहीत नव्हते. त्यांच्या डोक्यात जुने दत्तक होते, भावकीतले, १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यातले, जिथे एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर मूल दिले की काम होते.

तसे दत्तक आमच्या घरातही आहे. माझ्या आईचे वडील सांगलीकडचे. अकराव्या वर्षी ते सख्ख्या निपुत्रिक काकांना दत्तक गेले. वाडा तोच राहिला, ओसरी बदलली. त्या दिवसापासून त्यांनी जन्मदात्या आईला ‘काकू’ म्हणायचे ठरले आणि ती जाईपर्यंत, पुढची छत्तीस वर्षे, ते तिला काकूच म्हणत राहिले. आमच्याकडे ही गोष्ट गंमत म्हणून सांगतात. जेवणाच्या पंगतीत ‘काकू, वाढ’ म्हणताना त्या बाईच्या हातातला डाव थांबत असेल का, हे मात्र कोणी विचारलेले मला आठवत नाही. ते दत्तक घराला वारस हवा म्हणून होते. मुलाला काय हवे हा मुद्दाच नव्हता.

माझ्या सासूबाई विरोध करतील असे मी धरून चालले होते. त्यांनी रक्ताचा किंवा जातीचा विषय काढला नाही. दोन दिवस काही बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना म्हणाल्या, ‘ते विचारेल ना गं, माझी खरी आई कुठे आहे? तेव्हा तू काय सांगशील? आणि मला विचारलं तर मी काय सांगू?’ मोठे झाल्यावर मुलाला आपल्या मुळाचा शोध घेण्याचा हक्क नियमांनी दिला आहे, जन्मदात्यांची गुप्तता राखण्याचे बंधनही त्यातच आहे, हे मी त्यांना वाचून दाखवले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘ते अठराव्या वर्षाचं झालं. मी सहाव्या वर्षाचं विचारतेय.’

याचे उत्तर माझ्याकडे अजून अर्धेच आहे. सांगायचे, लहानपणापासून सांगायचे, कोणाही शेजाऱ्याने सांगण्याआधी आपण सांगायचे, एवढे ठरले आहे. शब्द ठरलेले नाहीत. सासूबाईंनी मात्र आजोबांची काकूंची गोष्ट माझ्याकडून पुन्हा एकदा पूर्ण ऐकून घेतली आहे.

माझा वाढदिवस जानेवारीत असतो, नवऱ्याचा मार्चमध्ये. फ्रिजवरचा आकडा आधी ८३ होईल, मग ८४. वयोगटाच्या रकान्यात मी आता चारपर्यंत आले आहे आणि तो दोनपर्यंत खाली उतरायला तयार आहे. आरोग्याच्या रकान्यासाठी आम्ही पुढच्या शनिवारची एका बालरोगतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. विशेष गरजांची यादी छापून नेणार आहोत आणि प्रत्येक ओळीपुढे रोजच्या दिवसात नेमके काय करावे लागते, एवढेच विचारणार आहोत. सासूबाई म्हणाल्या, त्याही येतील.