तुम्ही विचारलंत म्हणून: नोकरी सोडताना नोटीस किती दिवसांची द्यावी?

हा प्रश्न लोक मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, लिफ्टमध्ये विचारतात, एकाने तर सासऱ्यांच्या दहाव्याला घाटावरच विचारला. कारण उघड आहे. भोसरीच्या एमआयडीसीत, गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात, पगारपत्रक आणि सोडून जाणाऱ्यांचा फुल अँड फायनल हिशेब वर्षानुवर्षं माझ्या टेबलावर होता. कोण किती दिवसांत गेला, कोणाचे किती कापले, कोणाचं रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कार्यमुक्तीचं पत्र, कशासाठी अडलं, हे सगळं माझ्या हातून गेलं. आणि माझं स्वतःचं काय झालं तेही तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून प्रश्न येतो तो दोन मजली: नोटीस किती द्यावी, आणि तुम्ही एवढ्या जाणत्या, मग चार महिने आधी का सांगून बसलात?

पहिल्या मजल्याचं उत्तर सोपं आहे, पण ते कोणाला नको असतं. नेमणुकीचं पत्र काढा आणि वाचा. मला फोन करणाऱ्या दहातल्या आठ जणांनी ते सही केल्यापासून उघडलेलं नसतं. त्यात तीन गोष्टी बघायच्या. दिवस किती आहेत. ते दोन्ही बाजूंना सारखेच आहेत का, कारण कर्मचाऱ्याने तीन महिने द्यायचे आणि कंपनीने एकच, अशी पत्रं मी भरपूर पाहिली आहेत. आणि नोटीस भरली नाही तर पैसे मूळ पगारावर कापणार की एकूण पगारावर. या तिसऱ्या ओळीत खूप पैसे दडलेले असतात आणि तिच्याकडे कोणी बघत नाही.

कायद्याचंही विचारता, म्हणून सांगते. कामगारांसाठी 1946 च्या स्थायी आदेश कायद्याखालचे, म्हणजे कारखान्यातल्या सेवाशर्तींचे, नमुना आदेश होते. त्यात मासिक पगारावरच्या कायम कामगाराला एक महिना, इतरांना दोन आठवडे, आणि हे मालक आणि कामगार दोघांनाही सारखंच. नोटिशीचा नव्वद दिवसांचा आकडा त्यात कुठेही नव्हता. तो करारातून आला, आणि आयटीवाल्यांनी तो इतका मुरवला की आता पोरांना तो कायदाच वाटतो. कोणी तुम्हाला खुर्चीला बांधून ठेवू शकत नाही. नोकरीचा करार कोर्ट जबरदस्तीने पाळायला लावत नाही, 1963 च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमातच ते आहे. पण पैसे मागता येतात. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली म्हणून दोन लाख भरायला लावणारी अट वैध ठरवली. तेव्हा ‘बाँड-बिंड काही नसतं हो, नुसती भीती दाखवतात’ असं सांगणाऱ्या मित्राचं ऐकू नका.

एक मजा सांगते. नोटिशीपोटी कापलेल्या पैशांवर जीएसटी लागतो की नाही, याचा घोळ 2017 पासून चालू होता. काही कंपन्या सोडून जाणाऱ्या बिचाऱ्याकडून वर अठरा टक्के कापून घ्यायच्या. ऑगस्ट 2022 मध्ये परिपत्रक आलं की लागत नाही. मधल्या काळात ज्यांचे गेले त्यांचे गेले.

आता न सांगता जाणाऱ्यांबद्दल. त्यांची बाजू घेणारे हल्ली फार झालेत. आमच्याकडे पगार सात तारखेला व्हायचा आणि भोसरीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. पगार जमा झाला, गुरुवार गेला, शुक्रवारी माणूस गायब आणि फोन बंद, हे दर दोन-तीन महिन्यांनी ठरलेलं. कंपनीचं काय जातं? काही नाही. जातं ते शेजारच्या मशीनवरच्या माणसाचं. त्याला डबल शिफ्ट लागते, त्याची मुलगी आजारी असली तरी रजा मिळत नाही. मी ओव्हरटाइमचे तक्ते भरायचे, मला दिसायचं कोणाचे तास वाढले ते. म्हणून मी सगळ्यांना सांगायचे की करारात असतील त्याच्यापेक्षा पंधरा दिवस जास्तच द्या. आपलं काम कोणीतरी उचलणार आहे, त्याला शिकायला वेळ द्या. एका डिझाइनरने माझं ऐकून तसं केलं, त्याला निरोपाला घड्याळ मिळालं, आणि तो अजून दिवाळीला फोन करतो. तेव्हा माझा सल्ला अगदीच खोटा होता असं मला कोणी म्हणू नये.

आणि मग माझी पाळी आली.

चिंचवडमधल्या एका सीएच्या ऑफिसात एक एप्रिलपासून काम ठरलं. माझ्या पत्रात नोटीस साठ दिवसांची होती, म्हणजे मी जानेवारीच्या अखेरीस तोंड उघडलं असतं तरी चाललं असतं. मी पंचवीस नोव्हेंबरला पत्र दिलं. का दिलं? कारण मार्च अखेर म्हणजे काय असतं हे मला माहीत होतं. ऑडिट, पगारातून कापलेल्या कराचं चौथ्या तिमाहीचं विवरणपत्र म्हणजे चोवीस-क्यू, कंत्राटी कामगारांचे मस्टर म्हणजे हजेरीपट, पीएफ आणि ईएसआय म्हणजे कामगार विम्याचे पैसे भरायची पंधरा तारीख, शिफ्ट भत्त्याचे ते विचित्र नियम जे कुठेही लिहिलेले नव्हते, फक्त माझ्या डोक्यात होते. नवा माणूस डिसेंबरात आला तर माझ्याबरोबर तीन पगार काढून बघेल, असा माझा हिशेब. पत्रात स्वच्छ लिहिलं: 31 मार्च हा माझ्या कामाचा शेवटचा दिवस धरावा.

पर्सोनेलचे साहेब म्हणाले, “मॅडम, असं आजकाल कोण सांगतं हो!” चहा मागवला. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू.

आठवड्याभराने टेबलावर लिफाफा. ‘आपला राजीनामा स्वीकारण्यात येत आहे. सेवाशर्तींनुसार साठ दिवसांचा नोटीस कालावधी पूर्ण होताच 24 जानेवारी रोजी आपणांस कार्यमुक्त करण्यात येईल.’ तो मजकूर मी ओळखला. ओळखणारच, तो नमुना मीच कधीतरी टाइप करून ठेवला होता, फक्त तारीख आणि नाव बदलायचं. खाली ‘नो ड्यूज’चा फॉर्म जोडलेला: स्टोअर्स, कँटीन, टाइम ऑफिस, सेफ्टी शूज परत केले काय, ओळखपत्र जमा केले काय. अकाउंट्सच्या रकान्यापुढे सहीसाठी माझंच नाव छापलेलं होतं.

मी वर गेले. म्हटलं, “साहेब, मी 31 मार्च लिहिलंय.”

“मॅडम, साठ दिवसांच्या वर ठेवायचं कारण काय? आणि खरं सांगू का, तुमचं मन आता इथे राहिलेलं नाही.”

पैशाचं बोलले असते तर मी भांडले असते. वाढ द्यावी लागेल, दोन पगार कशाला, ऑडिटच्या आधी जुना माणूस गेलेला बरा, काहीही म्हणाले असते तरी मला उत्तर होतं. पण मन. ज्या बाईने मन होतं म्हणून चार महिने आधी सांगितलं, तिला हे ऐकवायचं! मी काही न बोलता खाली आले. दुपारी पेरोल सॉफ्टवेअर उघडायला गेले तर पासवर्ड बदललेला. नवा मुलगा आला, त्याला आत बसवलं, आणि मला रेकॉर्ड रूममध्ये जुन्या व्हाउचरच्या फायली लावायला सांगितल्या. तो बिचारा दर अर्ध्या तासाने दारात उभा राहायचा. त्याला सांगितलं होतं म्हणे, मॅडमना विचारू नका, सॉफ्टवेअरमध्ये सगळं आहे.

24 जानेवारी ते 31 मार्च पगार नाही. फ्लॅटचा हप्ता होता, मुलाची बारावी होती. पिंपरीतल्या वकिलांना पत्र दाखवलं. ते म्हणाले, तुम्ही दिलेली तारीख कंपनीने स्वतःहून अलीकडे ओढली, यावर भांडता येईल. किती वर्षं, ते विचारू नका. मी भांडले नाही. यावरून अजून ऐकून घेते, म्हणून एकदाच सांगते: ग्रॅच्युइटीचा चेक त्यांच्याकडे होता, रिलीव्हिंग लेटर त्यांच्याकडे होतं, आणि नव्या ऑफिसातून चौकशीचा फोन त्याच साहेबांना जाणार होता. दुसऱ्याला ‘हक्कासाठी भांडा’ म्हणणं सोपं असतं. बाकी ग्रॅच्युइटी मिळाली, शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता भागिले सव्वीस, गुणिले पंधरा, गुणिले वर्षं. कायद्यात तीस दिवस आहेत, त्यांनी तीन महिने लावले.

फेब्रुवारीच्या शेवटी घरी फोन आला. नवा मुलगा. आवाज इतका हळू, की बहुतेक जिन्यात जाऊन बोलत असावा. “मॅडम, व्यवसायकर या महिन्यात जुळत नाहीये. दोनशेने कापला तर चलन कमी पडतंय.” मी सांगितलं, फेब्रुवारीत तीनशे कापायचे असतात, वर्षाचे अडीच हजार व्हायला हवेत ना. मग त्याने शिफ्ट भत्त्याचं विचारलं, तेही सांगितलं. मग कंत्राटी मस्टरचं. वरण गॅसवर उतू गेलं. नवरा समोर उभा राहून हातवारे करत होता, ठेव तो फोन. मी ठेवला नाही. त्यानंतर मार्चभर त्याचे फोन येत राहिले. म्हणजे मी जी नोटीस देऊ केली होती ती त्यांनी पूर्ण घेतलीच, फक्त बिनपगारी.

तुम्ही म्हणता मूर्खपणा. माझा मुलगा तर अजून म्हणतो. पण त्या दिवशी मी सांगितलं नसतं तर चुकीचा पगार साहेबांचा निघाला नसता, चारशे कामगारांचा निघाला असता, आणि त्यांतल्या अर्ध्यांना मी नावाने ओळखत होते. कंपनीने मला काय केलं याचा राग त्यांच्यावर कसा काढायचा? यात मला अजून काही चुकलं असं वाटत नाही. लोक म्हणतात म्हणून वाटून घ्यायची माझी तयारी नाही.

तरीही, तेव्हा ‘पंधरा दिवस जास्त द्या’ म्हणणारी मी आणि आजची मी यांचं पटत नाही. ती म्हणते, नोटीस माणसांना असते. मी म्हणते, बाई गं, माणसांना असते हे खरं, पण पत्र कंपनीच्या हातात पडतं, आणि कंपनी ते मोजपट्टी लावून वाचते. ती म्हणते, मग त्या डिझाइनरचं काय? तिथे माझ्याकडे उत्तर नसतं. त्याचे साहेब वेगळे होते, एवढंच.

भाचा हिंजवडीत आहे. त्याला नव्वद दिवस. त्याच्या कंपनीला कोणी तीस दिवसांत सोडलेलं चालत नाही, पण तीच कंपनी नवा माणूस घेताना ‘ताबडतोब रुजू होणाऱ्यांना प्राधान्य’ असं छापते. मग त्या नव्वद दिवसांत पोरं आणखी दोन ठिकाणी मुलाखती देतात, आणि रुजू व्हायच्या दिवशी कंपनी वाट बघत बसते. हे सगळं ज्यांनी सुरू केलं तेच नंतर निष्ठेवर भाषणं देतात. आणि हो, आमच्या सोसायटीत नव्वद दिवसांवर तावातावाने बोलणाऱ्यांच्या घरी भांड्याला येणाऱ्या ताईंना ‘उद्यापासून नको’ हे रात्री साडेनऊला फोनवर कळतं. त्यांची नोटीस किती, हे मला अजून एकानेही विचारलेलं नाही.

परवा भाच्याचा फोन आला. मी त्याला सांगितलं ते तुम्हालाही लागू आहे. पत्रात करारातले दिवस मोजून शेवटची तारीख लिही, त्याच्या पुढची नको. ईमेल कर आणि पोच घे. पगाराच्या पावत्या आणि फॉर्म सोळा आधीच उतरवून घे, नंतर लॉगिन बंद होतं. पीएफच्या खात्यात सोडल्याची तारीख कंपनीने टाकली का बघ. नाही टाकली तर दोन महिन्यांनी स्वतः टाकता येते, 2020 पासून ती सोय आहे. दोन कंपन्यांच्या तारखा एकमेकींवर चढू देऊ नकोस, पुढच्या पडताळणीत तेच आधी बघतात. नव्या वेतन संहितेप्रमाणे पगाराचा हिशेब दोन कामकाजाच्या दिवसांत मिळायला हवा, ते लक्षात ठेव, पण पहिल्याच दिवशी तोंडावर मारू नकोस.

तो म्हणाला, “मावशी, ते सगळं ठीक. पण मॅनेजरला पत्राआधी तोंडी सांगून ठेवू का? एप्रिलमध्ये रिलीज आहे, टीमची वाट लागेल.”

मी विचारलं, मॅनेजर कसा आहे.

“चांगला आहे गं.”

मी म्हटलं, सांग मग.

फोन ठेवल्यावर नवरा पेपरातून मान वर करून म्हणाला, “तू आत्ता त्याला काय सांगितलंस ते कळलं का तुला?”

कळलं की. मी काय बहिरी आहे?