कोपनहेगनचा पाऊस आठ शहरांवर पाडला तो दिवस

माझं काम पाण्याचं मॉडेलिंग. म्हणजे एखाद्या शहरावर अमुक इतका पाऊस पडला तर पाणी कुठल्या रस्त्याने वाहील, कुठे साचेल, किती उंच साचेल हे कॉम्प्युटरवर काढायचं. मी स्वीडनमध्ये माल्मोला असते, एका कन्सल्टन्सीत, आणि आमचे क्लायंट म्हणजे जवळजवळ सगळ्या नगरपालिका नाहीतर त्यांच्या ड्रेनेज कंपन्या. युरोपातली शहरं एकमेकांना मदत करतात, नेटवर्क करतात असं आपण वाचतो पण ती नक्की करतात काय हे मलाही नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत नीट कळलं नव्हतं. ते एका दिवसात कळलं, म्हणून तो दिवस लिहून काढतेय.

आधी थोडं मागचं. २ जुलै २०११, शनिवार संध्याकाळ, कोपनहेगनवर ढगफुटी झाली. दोन-तीन तासांत १३५ ते १५० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. मुंबईकराला हा आकडा फार वाटणार नाही, पण तिथली गटारं एवढ्यासाठी बांधलेलीच नव्हती आणि बरीचशी एकत्र, म्हणजे सांडपाणी आणि पावसाचं पाणी एकाच पाइपात. तळघरांमधून घाण पाणी वर आलं, रस्ते बुडाले, मोठ्या हॉस्पिटलपर्यंत पाणी पोचलं, नुकसान पाच-सहा अब्ज क्रोनच्या घरात. पुढच्या वर्षी त्यांनी ढगफुटीचा वेगळा आराखडा केला. नुसती जाडजूड पाइपं टाकण्याऐवजी पावसाला जमिनीवरूनच वाट करून द्यायची, पार्क, चौक, रस्ते खोलगट करायचे, जिथे भागणारच नाही तिथे बोगदा. नियम एका ओळीत मावतो, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पावसातही रस्त्यावर १० सेंटिमीटरपेक्षा जास्त पाणी नको. सुमारे ३०० कामं, वीसेक वर्षांचा प्रोग्रॅम.

आणि मग ३१ ऑगस्ट २०१४ ला तसाच पाऊस आमच्या माल्मोवर पडला, मोजमाप सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात मोठा. दोन शहरांमध्ये फक्त एक सामुद्रधुनी आणि तिच्यावरचा पूल, तरी आमच्याकडे ढगफुटीचा स्वतंत्र आराखडा आला २०१७ मध्ये. शेजाऱ्याचं बघून आपण तीन वर्षं आधी काय करू शकलो असतो हा प्रश्न इथल्या ड्रेनेजवाल्या लोकांना अजून टोचतो, आणि मला वाटतं हे नेटवर्क वगैरे त्या टोचणीतूनच जिवंत राहतं.

तर युरोपियन युनियनच्या पैशावर शहरांचे असे गट चालतात. अर्बॅक्ट हा त्यातला जुना कार्यक्रम, २००२ पासूनचा. आठ-दहा शहरं एकाच प्रश्नावर एकत्र येतात, दोन-तीन वर्षं एकमेकांकडे जातात, आणि प्रत्येक शहराने घरी एक स्थानिक गट करायचा ज्यात इंजिनिअर, अग्निशमनवाले, शाळा, हाउसिंगवाले, रहिवासी सगळे. पैसे मिळतात ते प्रवासाला, बैठकांना, तज्ज्ञाला. बांधकामाला एक युरोसुद्धा नाही. पहिल्यांदा मला हे फार विचित्र वाटलं होतं, की पैसे नाहीत तर लोक येतात कशाला?

असाच आठ मध्यम शहरांचा एक गट एप्रिलमध्ये माल्मोला येणार होता आणि मॉडेलिंगचं काम आमच्याकडे आलं. शहरांची नावं लिहीत नाही. पोर्तुगालमधलं एक होतं, इटलीतलं एक बंदर, पोलंडमधली दोन, बाकी इकडची तिकडची. नेहमीच्या कार्यक्रमात प्रत्येक शहर आपल्या सगळ्यात देखण्या प्रोजेक्टच्या स्लाइड्स दाखवतं, सगळे टाळ्या वाजवतात, जेवण. या वेळी कोपनहेगनच्या एका ड्रेनेज इंजिनिअरने, माझ्या दुप्पट अनुभवाचा माणूस, वेगळीच कल्पना मांडली, म्हणाला स्लाइड्स नकोत, आमचा २ जुलै प्रत्येकाच्या शहरावर पाडून बघू.

करायला सोपं आहे. विमानातून लेसरने मोजलेली जमिनीची उंची बहुतेक शहरांकडे असतेच, तिच्यावर दोन-दोन मीटरचे चौकोन आखायचे आणि त्यावर तोच पाऊस पाच-पाच मिनिटांच्या हिशोबाने ओतायचा. तो पाऊस तिथे तसाच पडेल असा याचा अर्थ नाही, ही ताण-चाचणी आहे. आम्ही आठवडाभर रात्री-रात्री रन लावून ठेवले.

सकाळी हॉलमध्ये पडद्यावर पहिलं शहर आलं. नकाशा करडा, मग हळूहळू फिकट निळा, ५० सेंटिमीटरच्या वर गडद निळा. मला वाटलं होतं लोक मॉडेलच्या पद्धतीवर प्रश्न विचारतील, तसं झालंच नाही, माणसं उठून पडद्याजवळ गेली आणि आपापल्या गल्ल्या शोधायला लागली. हे माझ्या मुलीचं पाळणाघर, हे बसचं डेपो. पोर्तुगालच्या बाईंचा नंबर तिसरा. त्या त्यांच्या नगरपालिकेच्या नागरी संरक्षण खात्यातल्या, इंजिनिअर नव्हेत. रेल्वेखालचा एक सबवे चाळिसाव्या मिनिटाला गडद निळा झाला, आणि त्याच्या पलीकडच्या उतारावर, अर्ध्या तळघरात एक वृद्धांची डे-केअर होती. बाईंनी मला थांबवायला सांगितलं, मागे घ्यायला सांगितलं, परत बघितलं, आणि सरळ बाहेर जाऊन घरी फोन लावला. परत आल्या तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं की सबवे भरला तर अँब्युलन्स कुठून जाते, आणि याचं उत्तर त्यांच्या खात्यात कुणाकडेच लिहिलेलं नाहीये.

इथे मला सांगायलाच हवं की खोलीतल्या कुणालाही हे अतिशयोक्तीचं वाटलं नाही. जुलै २०२१ च्या पुरात जर्मनी आणि बेल्जियममध्ये मिळून दोनशेहून जास्त माणसं गेली, त्यात झिन्त्सिश नावाच्या छोट्या शहरात अपंगांच्या निवासात तळमजल्यावरची १२ माणसं रात्री बुडाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये व्हॅलेन्सिया प्रांतात तुरिस गावी एका दिवसात ७७१ मिलिमीटर पडला आणि प्रांतात इतरत्र लोक गाड्या काढायला गॅरेजमध्ये उतरले आणि तिथेच अडकले. म्हणून मला जेव्हा चहाच्या वेळी कुणीतरी विचारलं की तू पाहिलेला सगळ्यात मोठा पाऊस कोणता, आणि मी सांगितलं २६ जुलै २००५, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर, मी शाळेत होते आणि बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी चालत घरी आले, तेव्हा कुणी "शक्य नाही" म्हटलं नाही. रॉटरडॅमहून आलेल्या तज्ज्ञाने लगेच विचारलं, तेव्हा भरती होती का? होती ना, तीच तर मुख्य गोष्ट. मुंबईच्या जुन्या नाल्यांची क्षमता ताशी २५ मिलिमीटरची, ती ५० ची करा, पंपिंग स्टेशनं बांधा असं ब्रिमस्टोवॅडच्या, म्हणजे मुंबईतल्या पावसाच्या पाण्याचा निचरा करण्याच्या प्रकल्पाच्या, अहवालात १९९३ सालीच लिहिलेलं होतं आणि कामाला खरा वेग आला तो २००५ नंतर. योगायोग असा की पुरानंतर ज्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली त्या माधवराव चितळ्यांना १९९३ मध्येच स्टॉकहोम वॉटर प्राइझ मिळालं होतं, आणि आमच्या ऑफिसमधल्या एका वयस्क सहकाऱ्याला हे नाव माहीत होतं याचा मला फार आनंद झाला.

जेवणाआधी पोलंडमधल्या छोट्या शहराची पाळी. त्यांच्याकडून दोघं आले होते, एक प्लॅनिंगची तरुण मुलगी आणि एक साठीच्या जवळचे गृहस्थ, आपल्याकडे ज्यांना ड्रेनेजचे मुकादम म्हणू तसे. काकांना इंग्लिश येत नव्हतं, मुलगी सांगत होती. पडद्यावर रेल्वेच्या भरावामागे मोठा तलाव झाला. काका मान हलवायला लागले. मग उठले, माझ्याकडून पेन मागून घेतला आणि कागदावर भरावाच्या खालून एक रेघ काढली. तिथे एक जुनी विटांची मोरी आहे, माणूस वाकून जाईल एवढी, त्यांनी स्वतः आतून साफ केलेली. कुठल्याच नकाशात नाही, ना रेल्वेच्या ना नगरपालिकेच्या. आमच्या धंद्यात हा माहीत असलेला प्रश्न आहे, लेसरला वरून फक्त भराव दिसतो, खालचं भोक दिसत नाही, म्हणून पूल आणि मोऱ्या हाताने "कापून" द्याव्या लागतात, पण त्या कुठे आहेत ते आधी कुणीतरी सांगायला हवं ना. प्लॅनिंगची मुलगी त्याच ऑफिसात दोन वर्षं होती आणि तिने ही मोरी पहिल्यांदा इथे, माल्मोमध्ये ऐकली, कारण घरी या दोघांची कधी एका टेबलावर बैठकच झालेली नव्हती!

बांधकामाला पैसे नसताना लोक का येतात याचं उत्तर मला तिथे मिळालं. परक्या शहरात, परक्यांच्या समोर, आपल्याच पालिकेतली दोन माणसं पहिल्यांदा बोलतात. तिथे वरिष्ठ नाही, बजेटची मारामारी नाही, आणि समोर सात शहरं बसलीत ज्यांच्याकडे हेच भोक वेगळ्या भिंतीत आहे.

जेवणाच्या सुट्टीत मी ती मोरी टाकून फक्त तेवढ्या भागाचा छोटा रन लावला.

दुपारी आम्ही ऑगस्टनबोर्गला चालत गेलो. ही १९५० च्या आसपास बांधलेली माल्मोची म्युनिसिपल वसाहत, इथली तळघरं पूर्वी सतत तुंबायची. १९९८ पासून नगरपालिका आणि त्यांची हाउसिंग कंपनी यांनी मिळून पावसाचं पाणी गटारातून काढून उघड्यावर आणलं. छोटे कालवे, तळी, बुडालं तरी चालेल अशी मैदानं, छतांवर हिरवळ. २०१४ च्या त्या पावसात शेजारच्या वस्त्यांची वाट लागली आणि इथे नुकसान खूपच कमी झालं. फिरताना मी बघत होते की पाहुणे कशाचे फोटो काढतायत. तळ्यांचे अगदी थोडे. सगळे वाकून झाकणं, जाळ्या, कडेच्या दगडांची उंची, कालवा रस्ता ओलांडतो तिथला जोड यांचे फोटो काढत होते. इटलीच्या बंदरवाल्याने चिखल कोण काढतं, महिन्यातून किती वेळा, कुठल्या खात्याच्या खर्चाने हे तीनदा विचारलं. रॉटरडॅमवाल्याने मग त्यांच्या बेंथमप्लाइनचं सांगितलं, २०१३ चा चौक, एरवी मुलं तिथे बास्केटबॉल खेळतात, स्केटिंग करतात आणि पावसात तिथल्या तीन हौदांत १७ लाख लिटर पाणी थांबतं. देखणा आहेच, पण पाऊस थांबल्यावर चौक वेळेत रिकामा आणि साफ व्हायलाच हवा, मुलं तिथेच खेळणार आहेत, यावर त्याचा सगळा भर होता.

पैशाचा प्रश्न तिथेच, कालव्याच्या काठावर उभं राहून निघाला आणि तो सगळ्यात जास्त वेळ चालला. कोपनहेगनवाल्याने सांगितलं की त्यांच्याकडे आराखड्यापेक्षा कायदा बदलणं निर्णायक ठरलं. पाणीपट्टीतून येणारे पैसे ड्रेनेज कंपनीला पाइपाबाहेर, म्हणजे रस्त्यावर आणि पार्कमध्ये पाण्यासाठी खर्च करता यावेत अशी सोय डेन्मार्कने ढगफुटीनंतर केली. स्वीडनमध्ये तसं नाही, पाणीपट्टी ठरावीक सेवेपुरतीच, मोठ्या ढगफुटीसाठी जमिनीवर काही करायचं तर पालिकेने कराच्या पैशातून करायचं. म्हणजे पुलाच्या दोन टोकांना तोच पाऊस, तीच माती, तेच इंजिनिअरिंग आणि एकाचं काम सरकतं, दुसऱ्याचं अडतं. चौक कसा बांधायचा याची ड्रॉइंग्ज तर इंटरनेटवर सापडतात. खातं आणि खातं यांच्यातला हा खर्चाचा करार कसा लिहिला, देखभाल कुणाच्या गळ्यात घातली, कोण विरोधात होतं आणि तो कशाने मानला, हे मात्र ज्याने केलं त्याच्या तोंडूनच कळतं, आणि ते लोक परक्या शहराच्या माणसाला फार मोकळेपणाने सांगतात. पोर्तुगालच्या बाई सगळं वहीत उतरवून घेत होत्या, करारातली कलमं सुद्धा.

त्यांच्या सबवेवर उपाय दुसऱ्या पोलिश शहराकडे तयार होता. पाण्याच्या पातळीचा सेन्सर, त्याला जोडलेला लाल सिग्नल आणि फाटक, कंट्रोल रूमला मेसेज. अगदी साधं. त्यांनी टेंडरची कागदपत्रं त्याच संध्याकाळी मेल केली, पोलिश भाषेत, आणि बाई म्हणाल्या भाषांतराचं आम्ही बघतो, तुम्ही फक्त फाटकाच्या मेंटेनन्सचं कलम कुठल्या पानावर आहे ते सांगा.

हॉलवर परतलो तोवर छोटा रन संपलेला. मोरी उघडल्यावर भरावामागचा तलाव बराच उतरला, मुलीने टाळी वाजवली, पण काका पडद्याच्या खालच्या बाजूला बघत होते. पाणी मोरीतून पलीकडे गेलं होतं आणि एका शाळेच्या मागच्या गल्लीत साचलं होतं, गडद निळं. काकांनी काहीतरी म्हटलं, मुलीने भाषांतर केलं, तिथे मागच्या वर्षी पालिकेने नवीन फरसबंदी करून उतार बदललाय.

ती गल्ली परत उकरायची की शाळेचं मैदान अर्धा मीटर खाली घ्यायचं यावर आता त्यांच्या स्थानिक गटात चर्चा चालू आहे, शाळेच्या मुख्याध्यापक पण गटात आल्यात. मैदान खाली घेतलं तर किती पाणी मावेल याचे आकडे मी मागच्या आठवड्यात पाठवले. गटाची पुढची बैठक त्यांच्याच गावात ठेवलीय आणि काकांनी सगळ्यांना गमबूट आणायला सांगितलंय, मोरी आतून दाखवणार आहेत.