लग्नाआधी नाव लावून घे, पोरी

२५ जानेवारीला, राष्ट्रीय मतदार दिनी, आमच्या शाळेच्या पटांगणात अकरावी-बारावीच्या मुलांनी हात पुढे करून मतदाराची शपथ घेतली. मीही घेतली. मग बारावीच्या वर्गात जाऊन विचारलं, मतदार यादीत नाव लावायचा अर्ज किती जणांनी भरला? एकही हात वर आला नाही. मागच्या बाकावरून एक पोरगा म्हणाला, "मॅडम, आमाले अठरा कुठी झाले अजून?"

अठरा झाले नाहीत हे खरं. पण २०२२ पासून सतरा पूर्ण झाले की आगाऊ अर्ज देता येतो, हे त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. पूर्वी वर्षात एकच तारीख धरत, १ जानेवारी. त्या दिवशी अठरा पूर्ण नसले तर थेट पुढच्या जानेवारीपर्यंत थांबा. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. आमच्या वर्गात अजूनही बऱ्याच जणांची जन्मतारीख १ जून निघते. बाळ कापसाच्या वेचणीत झालं की तुरीच्या सोंगणीत, एवढंच आजीला आठवतं, आणि पहिलीत नाव घालताना कुणीतरी १ जून लिहून टाकतं. त्या मुलांना मी फळ्यावर मांडून दाखवलं: १ जूनला अठरा पूर्ण, १ जुलैला पात्र. अर्ज आजच दिलात तर त्या तिमाहीत तो आपोआप विचारात घेतला जातो.

मी हे इतकं जीव तोडून का सांगते, ते माझ्याच बाबतीत घडलेल्या गोष्टीमुळे.

माझं माहेर दारव्हा तालुक्यात, सासर इकडे आर्णी तालुक्यात. अठरा झाले तेव्हा बाबा म्हणाले, "आता लगन होईन, तिकडच लावतीन नाव." लग्न झालं. सासरी सगळ्यांनी धरून चाललं की हिचं नाव माहेरच्या यादीत असेल. मीही कधी विचारलं नाही. चार-पाच वर्षं मी कुठल्याच यादीत नव्हते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

मग गावातल्या बायकांनी देशी दारूचं दुकान बंद करायला मतदान मागितलं. ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. दुकान बंद व्हायला आडव्या बाटलीला जास्त मतं पडून भागत नाही. यादीत जेवढ्या बायका आहेत, त्या सगळ्यांच्या अर्ध्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारावा लागतो. जी आली नाही, ती उभीच्या बाजूनेच गेली म्हणा. जी पोरगी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली पण जिचं नाव इथंच राहिलं, तीही तशीच. आणि जी इथं नांदते पण यादीत नाही, तिला मोजतच नाहीत.

माझे मोठे दीर त्या दुकानातून रोज संध्याकाळी घरी येत ते कसे, ते इथं लिहीत नाही. सासूबाईंनी तीन दिवसांची निंदणाची मजुरी सोडून घरोघर जाऊन बायका गोळा केल्या होत्या. जिल्हा परिषदेच्या शाळेपुढे आमची रांग लागली. माझा नंबर आला. टेबलावरच्या साहेबांनी यादीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि म्हणाले, "तुमचं नाव नाही बाई." माझ्या मागं उभ्या असलेल्या दोन सुनांचंही नव्हतं. लग्न होऊन सासरी निघून गेलेल्या पोरींची नावं मात्र यादीत तशीच होती.

बाटली उभी राहिली. थोड्या मतांनी राहिली. सासूबाई घरी आल्या, चुलीपुढे बसल्या आणि त्या रात्री त्यांनी भाकर थापली नाही. मला एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून वर्गात मी लोकशाहीचं मोठं भाषण देत नाही. मी सांगते, ही यादी फक्त आमदार-खासदारापुरती नाही. (आमची पोरं तिथंही गोंधळतात. जिल्हा यवतमाळ, विधानसभा आर्णी, पण लोकसभेला आपण चंद्रपूर मतदारसंघात.) ग्रामपंचायतीची यादी विधानसभेच्या यादीवरूनच होते. आणि राज्यघटनेत ग्रामसभेची व्याख्या आहे ती अशी: गावाच्या मतदार यादीत ज्यांची नावं नोंदलेली आहेत ती माणसं. म्हणजे नाव नसेल तर तू गावात जन्मलास, गावाचं पाणी प्यालास, तरी ग्रामसभेचा सदस्य नाहीस. मागच्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत माझाच एक जुना विद्यार्थी एसटी स्टँडपासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावरच्या बंद दिव्यांबद्दल बोलायला उभा राहिला. वय वीस. बोलणं मुद्देसूद होतं. रजिस्टर पुढे आलं तेव्हा नाव यादीत नाही म्हणून त्याची सही घेतली नाही. तो खाली बसला. दिवे अजून बंदच आहेत.

त्या शनिवारी आम्ही शाळेतच फॉर्म भरायला बसलो. नमुना ६, म्हणजे नवीन नावाचा. वयाच्या पुराव्याला आधार किंवा दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र चालतं, पत्त्याला आधार, बँकेचं पासबुक किंवा आई-वडिलांच्या नावाचं लाईट बिल. फोटो एक. मोबाईलवर भरता येतो, पण आमच्याकडे रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीजवळ, आणि ओटीपी जातो बापाच्या फोनवर, बाप वावरात. शेवटी बऱ्याच जणांनी कागदावरच भरला आणि गावच्या अंगणवाडी ताईंकडे दिला. आमच्याकडे त्याच बीएलओ, म्हणजे गावच्या मतदार यादीचं काम बघणाऱ्या आहेत.

ज्यांनी मोबाईलवर भरला त्यांच्याबाबत एक गोष्ट पदरात पडली. इंग्रजीत नाव टाकलं की खाली मराठी आपोआप येतं, आणि ते वाचायलाच हवं. आत्रामचं अत्रम झालं होतं, मडावीचं मादवी, एका राठोडचं रथोड. पोट्टे हसले. मी एकेकाला अक्षर न् अक्षर तपासायला लावलं. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव आणि ओळखपत्रावर दुसरं, या पायी शिष्यवृत्तीला किती चकरा होतात ते मी पाहिलं आहे.

बारावीनंतर नागपूर, अमरावती, पुण्याला जाणाऱ्यांची शंका वेगळी होती. शिकायला किंवा दिवाळीनंतर कामाला काही महिने बाहेर गेलं म्हणून गावातलं नाव जात नाही. होस्टेलच्या पत्त्यावर लावायचं असेल तर तेही चालतं. दोन्हीकडे मात्र लावायचं नाही, तो गुन्हा आहे.

पोरांचे फॉर्म झाले. अडले ते पोरींचे. एका मुलीचे वडील मला बाजारात भेटले. माणूस सरळ, पोरीला बारावीपर्यंत शिकवलं. म्हणाले, "मॅडम, पोरीचं मे महिन्यात लगन हाय. तिकडं लागनच नं नाव. दोनदा कायले करता?" माझ्या बाबांचंच वाक्य होतं ते. मी भाजीची पिशवी खाली ठेवली आणि त्यांना तिथंच समजावलं. भाऊ, दोनदा करायचं नाही. इथं एकदा नाव लागलं की तिला मतदार ओळखपत्राचा नंबर मिळतो. लग्नानंतर नमुना ८ भरायचा, नाव इथून निघून तिकडे जातं आणि नंबर तोच राहतो. काहीच नसेल तर नव्या घरात, नव्या सुनेनं, पहिल्या वर्षात आपणहून विषय काढायचा का, माझं नाव कुठंच नाही, मले नवीन फॉर्म भरायचा हाय? मी नाही म्हणू शकले. नंबर हातात घेऊन गेली तर निदान एक कागद तिचा स्वतःचा असेल.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तिच्या मायले इचारतो."

तिला १२ मार्चला अठरा पूर्ण होतात. १ एप्रिलला ती पात्र. आधार कार्डावर तिचा पत्ता मामाच्या गावचा आहे, दहावीचं प्रमाणपत्रही मामाकडेच आहे म्हणे, पण घराचं लाईट बिल वडिलांच्या नावावर आहे. येत्या रविवारी मी कोरा फॉर्म आणि डिंकाची बाटली घेऊन त्यांच्या घरी जाणार आहे. फोटो तिनं आधीच काढून ठेवला आहे, वहीत पुठ्ठ्याच्या मागं. शुक्रवारी मधल्या सुट्टीत मला हळूच दाखवला.