बसऱ्याला गेलेले तिघे

आमच्या गावच्या मराठी शाळेच्या भिंतीत संगमरवराची एक पाटी बसवलेली आहे. सातारा जिल्ह्यात अशा पाट्या बऱ्याच गावांत दिसतात. कुठे चावडीला, कुठे वेशीला, कुठे देवळाच्या ओवरीत. मजकुराचा साचा ठरलेला: या गावातून इतके पुरुष १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. आमच्या पाटीवर गेलेले एकोणतीस आणि मेलेले तीन. नाव एकाचंही नाही.

दर सव्वीस जानेवारीला पाटीला हार पडतो. पाहुणे 'या गावाची थोर लष्करी परंपरा' असं म्हणतात, टाळ्या होतात, लाडका विषय म्हणून भाषण लांबतं. एकदा कार्यक्रम संपल्यावर मी दोघाचौघांना विचारलं, ते तीन कोण? कुणालाच सांगता येईना. माझी सगळी नोकरी महसूल खात्यात, त्यातली बरीचशी रेकॉर्ड रूममध्ये गेली. आकडा आहे आणि मागे यादी नाही, हे माझ्यासारख्या कारकुनाला पचत नाही.

गंमत बघा. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावं कोरलेली आहेत. शेवटी 'नाक' असलेली महार शिपायांची नावंही त्यात आहेत आणि ती आजही वाचता येतात. त्यानंतरच्या शंभर वर्षांत छापखाने वाढले, तार आली, पलटणीत पगारपत्रकं आली आणि गावाच्या वाट्याला आला नुसता आकडा. बसऱ्याच्या स्मारकावरही तेच झालं. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मेलेल्या चाळीस हजारांहून जास्त सैनिकांचं ते स्मारक. गोऱ्यांची नावं कोरली, हिंदी अंमलदारांची कोरली आणि हिंदी शिपायांचा पलटणवार आकडा टाकून मोकळे झाले. नावं ठाऊक नव्हती म्हणावं तर ती रजिस्टरात होती. २०२१ साली खुद्द कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या, म्हणजे युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, चौकशी समितीने ही असमानता कबूल केली. ते स्मारकसुद्धा आता मूळ जागी नाही. १९९७ मध्ये सद्दामच्या हुकमाने ते उचलून नासिरियाच्या रस्त्याला, शहरापासून बत्तीस किलोमीटरवर नेलं.

तर आमचे तिघे. माणूस कधी मेला हे बघायचं तर पहिला हात कोतवाल बुकाकडे जातो, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदीकडे. त्यात १९१८ च्या पावसाळ्यानंतरची पानं इन्फ्लुएंझाच्या साथीने खच्चून भरलेली आहेत, 'ताप', 'ताप', 'ताप' अशी ओळीने. लढाईत मेलेले मात्र त्यात सापडायचे नाहीत, कारण ते गावात मेलेच नव्हते. कोतवालाने नोंद करायची ती गावच्या हद्दीतल्या मरणाची.

त्यांची खूण राहते फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कातले बदल टिपणाऱ्या नोंदीत. जमिनीवर नाव असलेला माणूस गेला की वारस लावावा लागतो, मग तो बसऱ्यात मरो नाहीतर विहिरीत. जुन्या फेरफारांत मला एक नोंद मिळाली. अक्षर वळणदार, शाई तपकिरी झालेली: अमुक हा पलटणीत असता लढाईत मयत, मूलबाळ नाही, सबब भावाचे नाव ए. कु. मॅ. (एकत्र कुटुंब मॅनेजर) म्हणून दाखल. खाली तलाठ्याची सही आणि भावाच्या अंगठ्याचा ठसा.

यातला 'मूलबाळ नाही' हा तुकडा महत्त्वाचा. गावात ज्यांच्या गोष्टी सांगितल्या जातात ते सगळे परत आलेले. सुभेदार झाले, पेन्शन घेतली, पारावर बसून बगदाद सांगितलं, नातवंडांनी ऐकलं. मेले ते विशीतले. कुणाचं लग्न झालेलं नाही, कुणाची बायको माहेरी गेली ती गेलीच. त्यांची आठवण ठेवायला पुढे वंशच राहिला नाही. तेव्हा परंपरा परंपरा म्हणून आपण जी सांगतो, ती वाचलेल्यांची असते.

भावाच्या वंशजांचं घर सापडलं. घरातल्या थोरल्या काकूंना नाव सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या आजेसासऱ्यांचा थोरला भाऊ त्यो. बसऱ्याला गेला अन् तिकडंच ऱ्हायला. बिल्ला हाय की त्याचा." आणि देव्हाऱ्यामागच्या डब्यातून त्यांनी चांदीचं पदक काढलं. हे टिकलं हेच नवल, कारण त्या काळची असली पदकं कित्येक घरांत सोनाराकडे जाऊन वाळे-तोडे झाली.

पदकाची दर्शनी बाजू सगळे बघतात. राजाचा मुखवटा, मागे घोडेस्वार. खरी माहिती कडेवर असते. ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठशाने उठवलेली असते. पदक आडवं धरायचं, बॅटरीचा उजेड तिरपा पाडायचा आणि भिंगातून हळूहळू फिरवत वाचायचं. दरवर्षी दसऱ्याला राखेने घासून या कडेची निम्मी अक्षरं गेली होती, पण शेवटचा आकडा स्वच्छ होता: ११७ मराठाज. (तुमच्याकडे असं पदक असेल तर कृपा करून घासू नका. काळं राहू दे.)

११७ वी म्हणजे सहाव्या पुणे डिव्हिजनमधली पलटण. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादजवळच्या टेसिफॉनला तिची भयंकर हानी झाली. तिथून माघार घेऊन डिव्हिजन टायग्रिसकाठच्या कुट गावाला आली आणि डिसेंबरात तुर्कांनी वेढा घातला. १०३, ११० आणि ११७ अशा तिन्ही मराठा पलटणी आत अडकल्या. बाहेरून सोडवायला आलेल्या फौजा दर वेळी अडवल्या गेल्या, विमानातून धान्याची पोती टाकून बघितली, तीही पुरली नाहीत. घोडे मारून खायची वेळ आली तेव्हा बऱ्याच हिंदी शिपायांनी ते मांस खायला नकार दिला आणि शरीरं आणखी खंगली. २९ एप्रिल १९१६ ला डिव्हिजनचा सेनापती जनरल टाउनशेंडने शरणागती पत्करली. सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. साहेबाची कैद कॉन्स्टँटिनोपलजवळच्या बंगल्यात गेली. शिपाई वाळवंटातून चालवत नेले आणि रास अल ऐनच्या बाजूला रेल्वेच्या कामाला जुंपले. त्यातले किती तरी तिथेच संपले.

आमच्या माणसाची मृत्यूची तारीख कमिशनच्या संगणकावरच्या यादीत निघाली, आणि ती आहे १९१६ च्या शेवटाची. म्हणजे तो गेला तो कैदेत. फेरफारात 'लढाईत मयत' लिहिलंय आणि घरात 'बसऱ्याला' म्हणतात. गावाच्या दृष्टीने समुद्रापलीकडचं ते सगळं बसराच. पुढे १९२१ मध्ये पलटणीला 'रॉयल' किताब मिळाला, पुढच्या वर्षी नंबर बदलून ती पाचवी झाली. घरच्यांना यातलं काही कळवल्याचा कागद मला तरी दिसला नाही.

दुसरा त्याच यादीतून सापडला. ही यादी कुणालाही घरबसल्या बघता येते. काही नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असतो, पुष्कळांत नसतो. शोधताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्पेलिंगवर विश्वास ठेवू नका, एका चव्हाणाची चार रूपं भेटतील. आणि तालुके तेव्हाचे धरा. वाळवा, तासगाव, खानापूर तेव्हा साताऱ्यात होते, त्यामुळे आजच्या सांगलीकराने आपला पणजोबा 'सातारा'खाली शोधावा. खेड एक रत्नागिरीत, दुसरं पुण्यात. मंडणगड हा तालुका नव्हता, दापोली तालुक्याचा पेटा, म्हणजे पोटविभाग होता. आमच्या गावाचं नाव तर असं लिहिलं होतं की मोठ्याने वाचल्यावरच उमगलं.

तिसरा अजून सापडलेला नाही. बाप हयात असेल तर मुलाचं नाव जमिनीला लागलेलंच नसणार, मग फेरफार कुठला? की जमीनच नव्हती? महारवाड्यातला असेल का, अशीही मला शंका आहे. महारांची भरती इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद केली होती, महायुद्धात गरज पडली तशी पुन्हा उघडली, १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली आणि १९२१ मध्ये मोडूनही टाकली. शिवाय पाटीवरचे 'गेलेले' सगळे बंदूकवालेच असतील असं नाही. खेचरं हाकणारे, जखमींच्या डोल्या वाहणारे, पाणके, हमाल हेही हजारोंनी गेले आणि त्यांचे कागद पलटणीच्या कागदांत मिळत नाहीत.

म्हणून आता महार वतनाची, म्हणजे गावकामाबद्दल महारांना मिळालेल्या जमिनींची जुनी दप्तरं काढायला अर्ज केला आहे. फेरफारात निघाला नाही तो वतनाच्या वारस नोंदीत निघू शकतो. दोन नावांची पाटी करून घेऊ, असं ग्रामपंचायतीतले काही जण म्हणतात. मी थांबा म्हटलंय. तिघांची एकदमच करायची. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर आकडा टिपून घ्या, आणि नक्कल मागताना अर्जात '१९१५ ते १९२५ चे वारस फेरफार' असं स्पष्ट लिहा. नुसतं 'जुने फेरफार' लिहिलंत तर अर्ज परत येतो.