एवढ्या काळजीत सुईदोरा सुचतो कसा?

आमच्या दिवाणावरची गोधडी दिसली की येणारी माणसं आधी तिच्यावरून हात फिरवतात आणि मग विचारतात, "लॉकडाऊनमधली का?" हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "लेक तिकडे कोविड वॉर्डात, घरात म्हातारं माणूस, आणि तुम्हाला टाके घालायला सुचत कसं होतं? आम्हाला तर पेपरसुद्धा वाचवत नव्हता." विचारण्यात बहुतेक वेळा कौतुक असतं. कधीकधी मात्र एक बारीकशी शंकाही असते, की हिला काळजी जरा कमीच असावी. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सविस्तर सांगून टाकते.

आधी एक गैरसमज काढते. शिवताना मन शांत होतं, ध्यान लागतं, सगळं विसरायला होतं, असं हल्ली बरेच जण सांगतात. होत असेल. माझं नाही झालं. हात कामात आणि डोकं रिकामं म्हटल्यावर काळजी उलट जास्तच ऐसपैस बसायची. मग शिवायचं कशाला? तर शिवणकाम कुठल्याही क्षणी टाकून उठता येतं. तव्यावर पोळी टाकून उठता येत नाही, सासूबाईंना आंघोळ घालता घालता तर नाहीच नाही. फोन वाजला की सुई कापडात खुपसायची आणि उठायचं. परत आलं की सुई आहे तिथून पुढे. फोनची वाट बघणाऱ्या बाईला एवढं पुरतं. बाकी सगळी कामं संपायची, वाट बघणं तेवढं उरायचं.

आमची लेक तेव्हा मुंबईत एका सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर होती. आम्ही पुण्यात. २२ मार्च २०२०च्या संध्याकाळी पाच वाजता सगळ्यांनी गच्च्यांवरून थाळ्या वाजवल्या, आमच्या ह्यांनीही कुकरचं झाकण वाजवलं. २५ तारखेपासून देश बंद झाला. लेकीचा फोन कधी येईल ते सांगता यायचं नाही. तो पीपीईचा पोशाख एकदा चढवला की पाळी संपेपर्यंत ना पाणी ना फोन. कधी रात्री अकराला, कधी पहाटे, आणि बोलणं काय, तर "आई, ठीक आहे, झोपते." एवढ्यासाठी दिवसभर जीव टांगणीला.

पहिले हात चालले ते मास्कवर, आणि त्यात हौसेचा भाग काहीच नव्हता. ८ एप्रिलला मुंबईत मास्क सक्तीचा झाला, पुण्यातही त्याच सुमारास. केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने घरच्या घरी मास्क कसा शिवायचा याची एक पुस्तिका काढली होती, ती कुणीतरी फोनवर पाठवली. सुती कापड हवं होतं, ते घरात होतं: जुने अभ्रे, ह्यांचे पायजमे, सासऱ्यांचं एक धोतर. पायमशीनला तेल घातलं आणि बसले. नाकावर बसायला ब्रेडच्या पुड्याची तार शिवणीत घातली. अडलं ते इलॅस्टिकवर. दुकानं बंद, घरातलं होतं नव्हतं ते पहिल्याच दिवशी संपलं. मग परकरांच्या नाड्या उपसून काढल्या आणि मागे बांधायचे मास्क केले. ते कानाला काचत नाहीत, हे आमच्या सोसायटीत नंतर सगळ्यांनीच मान्य केलं. त्या पुस्तिकेत मास्क मीठ घातलेल्या पाण्यात, कुकरमध्ये उकळायलाही सांगितलं होतं. मी उकळत होते. त्याच कुकरमध्ये दुसऱ्या दिवशी वरण लागायचं. सासूबाईंना हे शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

लेकीला हे मास्क दाखवले तर म्हणाली, "छान आहेत, पण तुमच्यासाठी. आम्हाला इथे एन-९५ लागतात." मी ते वॉचमनला, भाजीवाल्याला आणि झाडणाऱ्या मावशींना दिले.

गोधडीची कल्पना माझी नव्हेच. सासूबाई माहेरच्या कऱ्हाडकडच्या. त्या दिवसांत त्यांची तऱ्हा अशी, की सकाळचं काही आठवायचं नाही आणि पन्नास वर्षांपूर्वीचं सगळं लख्ख. कोरोना म्हणजे काय ते त्यांना समजून घ्यायचंच नव्हतं. माणसं घाबरलीत एवढं मात्र कळत होतं. एक दिवस म्हणाल्या, "एक वाकळ शिवायला घेऊ या का गं? भूकंपात वाकळाच कामाला आल्या." हा कोयनेचा भूकंप, ११ डिसेंबर १९६७चा, पहाटेचा. त्यानंतर भिंतींच्या भीतीने माणसं कितीतरी दिवस अंगणात झोपत होती, ऐन थंडीत. घरातल्या सगळ्या वाकळा बाहेर आल्या होत्या आणि शेजारच्या घरची दोन पोरंही सासूबाईंच्याच वाकळेत शिरली होती. हे त्यांनी मला नंतर रोज सांगितलं. काही दिवस पोरं दोन असायची, काही दिवस चार.

कपाटात त्यांची जुनी नऊवारी लुगडी होती, धुऊन धुऊन मऊ झालेली. गोधडीला असंच कापड लागतं. नव्या कापडाची खळ जात नाही तोवर सुई अडते, आणि पॉलिस्टर असेल तर थर आतल्या आत सरकतात. दोन धड लुगडी वर आणि खाली, विरलेली मध्ये. हॉलमधली फरशी पुसून कोरडी केली, लुगडी एकावर एक अंथरली, चार कोपऱ्यांवर पितळी डबे ठेवले. मग मधून कडेकडे हात फिरवत सुरकुत्या बाहेर काढायच्या आणि वीतभर लांब कच्चे टाके घालून सगळं एकमेकाला धरून ठेवायचं. गुडघे दुखतात म्हणून दिवाणावर बसून सूचना देणाऱ्या सासूबाई तासाभरात स्वतःच खाली येऊन बसल्या. त्यांना परत उठवायला दोन माणसं लागली, तो भाग वेगळा.

पुढचा सगळा धावदोरा. कडेने सुरुवात करायची, चारी बाजूंनी एक फेरा पूर्ण झाला की बोटभर आत दुसरा, असं करत मध्यावर यायचं. सुई खाली टोचून लगेच वर काढायची, तीन-चार टाके सुईवर घ्यायचे आणि मग दोरा ओढायचा. एकेक टाका ओढत बसलं तर जन्म पुरायचा नाही. मधल्या बोटात अंगुस्तान हवंच, नाहीतर दुसऱ्या दिवशी भांडी घासताना बोट रडवतं, आणि त्या दिवसांत भांडी आपल्यालाच घासायची होती. एका बाजूने मी, समोरून सासूबाई. माझे टाके तांदळाएवढे. त्यांचा हात कापायचा, त्यामुळे त्यांचे कुठे हरभऱ्याएवढे, कुठे तिरके, कुठे एकावर एक. सुईत दोरा मी ओवून द्यायची, कारण त्यांना नेढं दिसत नसे. ओवताना दोरा हातापेक्षा लांब घेतला की त्या ओरडायच्या. बरोबरच होतं, लांब दोऱ्याचा गुंता होतो.

पांढरा दोरा मे महिन्यात संपला. तुळशीबाग बंद, रविवार पेठ बंद. भरतकामाच्या डब्यात अँकरच्या उरल्यासुरल्या लड्या होत्या, त्या बाहेर काढल्या. सहापदरी दोरा, त्यातले तीन तीन पदर वेगळे करून वापरले. म्हणून बाहेरचे फेरे पांढरे, मग लाल, मग मोरपंखी, मग एक विचित्र पोपटी जो मी कधी आणि कशासाठी घेतला होता देव जाणे. तोही संपल्यावर मशीनच्या रिळाचा दोरा चौपदरी करून. दुकानं उघडल्यावर परत पांढरा. येणारी माणसं म्हणतात, काय सुंदर रंगसंगती साधलीत. मी हो म्हणते.

आता खरी विचारायची गोष्ट कुणी विचारत नाही, ती म्हणजे काळजीच्या दिवसांत कुठलं काम घ्यावं. सगळी कामं चालत नाहीत. माझ्याकडे दोसुतीवर फुल्यांचं भरतकाम केलेला एक टेबलक्लॉथ अर्धा पडला होता. लोकांना वाटतं, वेळच वेळ होता तर तो पुरा केला असेल. मी तो गाठोड्यात बांधून माळ्यावर टाकला. फुल्यांत मोजावं लागतं. बावीस मोजले की फोन वाजतो, परत आल्यावर बावीस की तेवीस याचा पत्ता नाही, आणि एक घर चुकलं की सगळा मोर वाकडा. मोजणीचं काम सुखाच्या दिवसांसाठी ठेवावं. विणकामाचंही तसंच. नुसते सुलट टाके घालत मफलर विणा, वेण्यांच्या डिझाइनच्या वाटेला जाऊ नका. रात्री गडद कापड घेऊ नये, डोळ्यांना त्रास, आणि रडू आलेलं असेल तर काळ्यावर काळा टाका दिसतच नाही.

आणि एक, हे थोडं माझं खूळ समजा. ज्या माणसाची काळजी आहे त्याच माणसासाठी वस्तू करायला घेऊ नये. लेकीसाठी म्हणून कुर्ता भरायला घ्यावा, असं मला कितीजणींनी सुचवलं. पण दोरा हा तुटतोच, सुई बोटात घुसतेच. मग प्रत्येक तुटलेल्या दोऱ्यागणिक पोटात गोळा येणार, तो कुठे सांभाळायचा? गोधडी कुणाचीच नव्हती. दिवाणाची म्हणा फार तर. दोरा तुटला की गाठ मारायची आणि पुढे.

सप्टेंबरात मात्र गोधडीही बाजूला पडली. पुण्यात तेव्हा रुग्ण सर्वांत जास्त होते, खाटांसाठी लोक रात्ररात्र फोन करत होते, आणि नेमका त्याच वेळी ह्यांना ताप आला. चाचणी पॉझिटिव्ह. मागच्या खोलीत त्यांना ठेवलं, सासूबाईंना नणंदेकडे पाठवलं, ताट दाराबाहेर ठेवायचं आणि सहा पावलं मागे सरकायचं. ऑक्सिमीटरचा आकडा ते आतून ओरडून सांगायचे, मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहायची. लेकीने बजावून ठेवलं होतं, ९४च्या खाली गेला तर वाट बघायची नाही.

तेव्हा मोठं काही हातात धरवेना. गोधडीकडे बघितलं की ती कधी संपणार असं व्हायचं, आणि कधी संपणार हा प्रश्नच त्या दिवसांत नको होता. मग मी दाराबाहेर खुर्ची टाकून घरातली दुरुस्तीची कामं काढली. तुटलेली बटणं, ब्लाउजचे हूक, उसवलेल्या बगला, पिशव्यांचे बंद, चादरीच्या कडेची हेम. पाच मिनिटांचं काम, झालं की घडी घालून बाजूला. एक आकडा आणि पुढचा आकडा यांच्यामध्ये दोन बटणं बसायची. एका दुपारी आतून विचारणा झाली, "काय करतेयस?" म्हटलं, तुमच्या शर्टांची बटणं लावतेय. "कशाला? घालून जायचंय कुठे?" मला इतकं हसू आलं, की शेजारच्यांनी काळजीने दार उघडून बघितलं.

ते बरे झाले. लेकही त्या सगळ्यातून नीट बाहेर आली, मध्ये एकदा तिलाही होऊन गेला. आम्हाला तिने बरी झाल्यावर सांगितलं. त्यावरून माझं आणि तिचं जे काही झालं ते इथे लिहीत नाही. सासूबाई पुढच्या वर्षी गेल्या, कोरोनाने नव्हे, वयाने. गोधडीवरचे त्यांचे टाके उसवून नीट घालू या का, असं एका भाचेसुनेने विचारलं होतं. मी तिला म्हटलं, हवं तर माझे उसव.

रुग्णालयात बसायचं असेल तर गोष्ट अजून वेगळी. तिथे गोधडी चालत नाही, जागाच नसते, आणि सुई पडली तर सापडत नाही. क्रोशाची एकच सुई आणि एक गुंडा न्या. मागे पडलेला टाका उचलायची भानगड नाही, आणि नाव पुकारलं की सगळं पर्समध्ये कोंबता येतं. साधे चौकोन करा. शेजारी बसलेल्या बाईला बोलायचं असेल तर ती "काय विणताय?" इथून सुरुवात करते. तिला बोलायचं नसेल तर ती नुसती बघत बसते, आणि तुम्हालाही मान वर करावी लागत नाही. बाकड्यावर फोन घेऊन बसलेल्या माणसाशी कुणी असं वागत नाही.

जाता जाता दुसरा नेहमीचा प्रश्नही उरकते: विकता का? नाही. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या करून विकणाऱ्या बायका आहेत, त्यांचं पोट त्यावर आहे, त्यांच्याकडून घ्या आणि भाव पाडून मागू नका. एक गोधडी म्हणजे किती दिवसांचं बसणं असतं ते एकदा स्वतः एक फेरा घालून बघितलंत की घासाघीस आपोआप थांबेल. शिकवायला मात्र मी तयार आहे. दुपारी तीननंतर या, चहा मी देईन. येताना आपल्या घरातल्या जुन्या सुती साड्या आणा. पॉलिस्टरच्या आणल्यात तर चहा पिऊन परत जावं लागेल.